कोवळे झाड आणि फळांचा भार

अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शी किंवा नागपूर जिल्ह्यातील काटोल-नरखेड या भागांतून तुम्ही प्रवास केलात, तर काळ्या जमिनीत दूरवर पसरलेल्या संत्र्यांच्या बागा दिसतील. त्यांतील एखाद्या बागेत जेमतेम तीन-चार वर्षांचे, पुरुषभर उंचीही न गाठलेले झाड फळांनी इतके लगडलेले आढळते, की त्याच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात. पाहणाऱ्याला हे दृश्य मोठे मनोहर वाटते. जाणत्या बागवानाच्या कपाळाला मात्र आठ्या पडतात. असे का बरे व्हावे?

संत्र्याचे झाड बहुधा थेट बियांपासून वाढवीत नाहीत. जंबेरी नावाच्या आंबट फळझाडाचे बी पेरून प्रथम रोप तयार करतात. मग त्या रोपाची साल किंचित उकलून तिच्यात चांगल्या, फळे देणाऱ्या संत्र्याचा डोळा बसवितात. हा डोळा फुटून वर संत्रा वाढतो. जमिनीखालची मुळे जंबेरीचीच राहतात. बियांपासून उगवलेल्या संत्र्याला फुलावयास पुष्कळ वर्षे लागतात. डोळ्याचे तसे नसते. तो प्रौढ झाडावरून आलेला असल्यामुळे फुलण्याची पात्रता बरोबर घेऊनच येतो. म्हणजे या झाडाला जणू दोन वये असतात. फुलण्याच्या दृष्टीने ते मोठे झालेले असते. पण मुळे, खोड आणि फांद्या यांच्या दृष्टीने ते अजून बालकच असते. सारी अडचण येथेच आहे.

झाडाचे अन्न पानांत तयार होते. त्या अन्नाचे वाटेकरी अनेक: नवी पालवी, खोड, मुळे आणि फळे. यांत फळे फार हावरी! ती आपला वाटा आधी ओढून घेतात. फळे बेसुमार झाली, की मुळांच्या वाट्याला काहीच उरत नाही. उपाशी मुळे वाढत नाहीत, पाणीही पुरेसे शोषून घेत नाहीत. मग नवी पाने फुटत नाहीत आणि अन्न आणखी कमी पडते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात संत्र्याच्या वर्गातील मर्कॉट नावाची एक जात आहे. तिची झाडे एखाद्या वर्षी अतोनात फळली, की मुळांतील साठा संपून पार खंगतात; काही तर मरूनही जातात. आपल्याकडील झाड तेवढ्या थराला गेले नाही, तरी पुढच्या वर्षी त्याला फुले तुरळकच येतात. शिवाय भाराने कोवळी फांदी सांध्यापाशी चिरफळते, आणि फांद्या खाली वाकल्याने उघडे पडलेले खोड वैशाखातील उन्हाने भाजते.

झाड स्वतः काहीच करीत नाही असे नव्हे. आंबे मोहरतात त्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, संत्र्याला जो बहार येतो, त्याला आंबिया बहार म्हणतात. त्या वेळी झाड फुलांनी पांढरे होते; पण शेकडो फुलांतून मोजक्यांचीच फळे टिकतात, बाकीची गळून जातात. ही गळ पाहून घाबरण्याचे कारण नाही. कोवळ्या झाडाची गळ मात्र कधी कधी अपुरी पडते, आणि तेथे माणसाला हात घालावा लागतो.

पहिली तीन वर्षे तर एकही फळ झाडावर ठेवू नये. पुढे झाडाचा घेर पाहून थोडी फळे राखावीत. नैसर्गिक गळ आटोपून फळे बोराएवढी झाली, की विरळणी करावी. झुबक्यातील एकच निरोगी फळ ठेवावे, दोन फळांत वीतभर अंतर राखावे. फांदीच्या बारीक शेंड्यावरची आणि वेडीवाकडी फळे कात्रीने कापून टाकावीत. हे काम सोपे दिसते, पण घरात पैशांची निकड असताना हिरवी फळे तोडणे बागवानाच्या अगदी जिवावर येते. तरीही तो ती तोडतो, कारण नीट जोपासलेली बाग वीस-पंचवीस वर्षे घर चालविते. शिवाय उरलेली फळे आकाराने मोठी होतात आणि त्यांना भावही बरा येतो.

विरळणीची वेळ निघून गेली असेल, तर वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू द्यावेत. टेकू आणि फांदी यांमध्ये गोणपाटाची घडी ठेवावी, म्हणजे साल सोलवटत नाही. पाणी बेताने, पण नियमित द्यावे. बरेच दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले, तर फळे तडकतात. पाण्याचे आळे मात्र खोडाला भिडू देऊ नये. खोड सतत ओले राहिले, की साल कुजून डिंक वाहू लागतो. फळे काढतानाही ती ओढू नयेत, देठासह कात्रीने कापावीत. त्यानंतर वाळक्या काड्या छाटून, चांगले कुजलेले शेणखत देऊन, त्या दमलेल्या झाडाला काही काळ विसावा द्यावा.