लेंडीचा व्यवहार

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की आमच्या शिंदखेडा भागात एकच चौकशी चालते: साक्रीकडून निघालेले ठेलारी मेंढपाळ यंदा कुणाच्या वावरात मेंढ्यांचा वाडा टाकणार? मेंढी म्हटलं की शहरात लोकर नाहीतर मटण आठवतं. आम्हा कापूस आणि दादर ज्वारी पिकवणाऱ्यांना लेंडी आठवते.

माणसाने मेंढी माणसाळवली, त्याचा एक जुना पुरावाही लेंडीतच सापडला आहे. तुर्कस्तानातल्या अशिकली ह्यूयुक या वस्तीत, दहा हजार वर्षांपूर्वीच्या घरांमधल्या मोकळ्या जागेत, शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांचे थर मिळाले. मातीत मुरलेल्या मुताचे क्षार मोजून संशोधकांनी ताडलं, की जनावरं तिथेच कोंडलेली असत आणि पुढे त्यांची संख्या खूप वाढली. सुरुवात झाली ती मटणासाठी. रानमेंढीच्या अंगावर राठ केसच जास्त. दाट लोकर माणसाने कितीतरी पिढ्या निवड करून नंतर मिळवली.

आमची दख्खनी मेंढी काटक, पण लोकर जाडीभरडी. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे घोंगडी मागे पडली. कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, असं मेंढपाळ सांगतात.

वाडा येतो तेव्हा संसार घोड्यावर असतो, वर कोंबड्या. संध्याकाळी जाळी लावून मेंढ्या बसवतात. दुसऱ्या रात्री जागा पुढे सरकते, म्हणजे सगळ्या वावराला खत मिळतं. मुतातला नत्र पिकाला लवकर लागू पडतो, लेंडी सावकाश कुजत राहते. मोबदला पूर्वी दादर-बाजरीत मोजत, आता रोख. घासाघीस करायला वाड्यावरची बाई बसली, तर माझं काही चालत नाही.

दिवसा मेंढ्या पऱ्हाटीचा पाला आणि किडकी बोंडं फस्त करतात. त्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते, म्हणून वेचणीनंतर शेतात मेंढ्या चारा, असं कृषी खातंही सांगतं. तरी चार किलो कापसाच्या आशेने वेचणीनंतरही पीक उभं ठेवून फरदड घेणारे आहेतच. ते वाडा परत पाठवतात आणि पुढच्या हंगामात फवारणीवर पैसे घालतात. याला काय म्हणावं?

रावेर-यावलकडे ठिबकवरच्या केळीमुळे वावर मोकळंच सापडत नाही. तिथे लेंडीखत विकत आणावं लागतं. ट्रॉलीत लेंडी भरता येते, मूत नाही. ते ज्याच्या वावरात मेंढी बसली त्याचंच.