विश्लेषण : निवृत्त चाकरमान्याला गावी का करमत नाही?

रायगडाच्या वाटेवरचे नाते असो की महाड-पोलादपूरचे दुसरे एखादे गाव, मुंबईची नोकरी संपवून परतणारा चाकरमानी इथे नवा नाही. राज्य शासनात बहुतेकांचे निवृत्तीचे वय ५८. तोवर गावचे घर बांधून झालेले असते, पैशांचा हिशेबही मांडलेला असतो. दिवसाचा मात्र नसतो.

नेमके काय हरवते?

ठरलेली लोकल, डब्यातली मंडळी, टेबलावरची नावाची पाटी. गावाशी नाते गणपती-शिमग्यापुरते उरलेले. चार दिवसांच्या पाहुण्याचे कौतुक होते. कायमचा आलेला माणूस भावकीला ‘मुंबईवाला’च वाटतो. त्यात पहिल्याच ग्रामसभेत तो कारभार शिकवू लागला, की अंतर वाढते. घरीही तेच. पत्नीला निवृत्ती नसते आणि तिच्या स्वयंपाकघरात साहेबी सूचना चालत नाहीत.

मग कुणाला जमते?

नात्यातच १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले, तेव्हा साठीचे होते. पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ अशी पदे त्यांच्याकडे आली. सर्वांना ती कुठून मिळणार? पण मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून देणारे संस्कृत त्यांना कोणत्याही पदाविना पुरले. अशी आवड ५८ व्या वर्षी शोधायला निघालेल्याची दमछाक होते.

गावात लवकर रुळतो तो लावणीला चिखलात उतरणारा, शेजाऱ्याचा पेन्शनचा अर्ज भरून देणारा. पासष्टीनंतर एसटीचे तिकीट अर्धे, पंचाहत्तरीनंतर माफ; महाडच्या जुन्या मित्राकडे जायला तेवढे पुरते.