पावसाळ्याची बेगमी आणि दुप्पट बॅटऱ्या

महावितरणच्या शेवटच्या खांबापासून दूर, डोंगराच्या उतारावर किंवा खाडीपलीकडच्या बागेत ज्यांनी घर बांधले आहे, आणि तारेवरून येणाऱ्या विजेची आशा ज्यांनी तूर्त सोडून दिली आहे, अशा कोकणातील कुटुंबांच्या तोंडून एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे: “पावसाळ्यात वीज पुरत नाही, म्हणून यंदा बॅटऱ्या दुप्पट करून टाकतो.” हे वाक्य इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, आणि विक्रेत्याकडून त्याला इतक्या तत्परतेने दुजोरा मिळतो, की त्यामागे कोणीतरी हिशेब केला असेल अशी ऐकणाऱ्याची खात्री व्हावी. हिशेब मात्र कोणीच केलेला नसतो; आणि ज्या रकमेत घरात पावसाळाभर उजेड राहिला असता, ती रक्कम दोन-तीन वर्षांत भंगारात जाते, याचा मला मनापासून खेद होतो.

बॅटरी वीज निर्माण करीत नाही. आलेली वीज ती राखून ठेवते, आणि त्या राखणीतही थोडी घट येते. मोठी कणगी आणली म्हणून शेतात भात अधिक पिकत नाही, हे ज्याला सांगावे लागत नाही त्यालाच बॅटरीच्या बाबतीत हीच गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते, हे नवल आहे.

आता प्रत्यक्ष आकडेच मांडू. नऊ वॅटचे सहा दिवे पाच तास, तीस वॅटचे दोन कमी विजेचे पंखे दहा तास, पन्नास वॅटचा दूरदर्शनसंच तीन तास, आणि मोबाईल व राउटर मिळून अहोरात्र दहा वॅट, एवढीच एखाद्या घराची गरज धरली तर दिवसाला १२६० वॅट-तास होतात. यात इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते बहुतेकांच्या यादीत नसतेच. घरातला एकही दिवा लागलेला नसताना तो वीस वॅट घेत असेल, तर चोवीस तासांचे ४८० वॅट-तास होतात. एकूण गरज १७४०, म्हणजे पावणेदोन युनिट.

या घरावर ६०० वॅटचे पॅनेल आणि खाली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आहेत असे समजू. कागदावर त्यांची साठवण ३६०० वॅट-तास. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची असेल तर निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून हाती उरतात १८००. कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात दर चौरस मीटरवर रोज सरासरी सहा युनिटांहून अधिक सौर ऊर्जा पडते आणि जुलैत ती चारच्या आसपास येते. ज्यांना शंका असेल त्यांनी नासाने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या दीर्घकालीन नोंदींवरून आपल्या गावापुरती खातरजमा करून घ्यावी. उष्णता, तारा आणि बॅटरी यांतील घट वजा जाता सत्तर टक्के हाती येतात असे धरले, तर मेमध्ये २५२० वॅट-तास मिळतात, जुलैत १६८०. म्हणजे जुलैच्या सरासरी दिवशीसुद्धा जमेपेक्षा खर्च साठ वॅट-तासांनी अधिक आहे, आणि आभाळ पुरते भरून आलेल्या दिवशी जमा पाचशेवर येऊन तूट बाराशेच्या घरात जाते.

अशा झडीत दोन बॅटऱ्या दीड दिवस पुरतील, चार बॅटऱ्या तीन दिवस. पण चौथ्या दिवशी काय? झड ओसरल्यावरही रोजची जमा रोजच्या खर्चालाच पुरत नसेल, तर त्या चार बॅटऱ्या पुन्हा भरणार कशातून? ज्यांनी साठवण दुप्पट केली आणि पॅनेल तेवढेच ठेवले, त्यांनी तीन दिवसांची सोय विकत घेतली आणि दोन-अडीच महिन्यांची अर्धपोटी बॅटरी पदरात घेतली.

या अर्धपोटी अवस्थेतच खरी हानी होते. १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही बॅटरी सिद्ध केली, तेव्हापासून तिचे रसायन मुळात तेच आहे: वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसते, आणि बॅटरी वेळेवर पूर्ण भरली तर ते विरघळून जाते. आठवडेच्या आठवडे ती पूर्ण भरलीच नाही, तर त्या सल्फेटचे टणक स्फटिक बनतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय या बॅटऱ्यांना दर शंभर अँपिअर-तासांमागे सुमारे दहा अँपिअरचा प्रवाह भरण्यासाठी लागतो. ६०० वॅटचे पॅनेल भर उन्हातही जेमतेम ४५ अँपिअर देते, जे दोन बॅटऱ्यांना पुरेसे आणि चारांना अपुरे आहे. बॅटरीचे टोपण काढून काचेच्या नळीचा हायड्रोमीटर आत बुडवला की हे सारे डोळ्यांनी दिसते: घरगुती ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असता तरंगता काटा १.२४० च्या आसपास थांबतो, आणि तो १.१८० च्याही खाली उतरून पंधरा-पंधरा दिवस तेथेच राहिला, तर बॅटरी मरणपंथाला लागली असे खुशाल समजावे.

मग करावे काय? पॅनेलचा आकार मेवरून न ठरवता जुलैवरून ठरवावा. याच घरावर ९०० वॅटचे पॅनेल असते, तर जुलैच्या सरासरी दिवशी २५२० वॅट-तास मिळाले असते, आणि रोजचे सातशे-आठशे वॅट-तास झडीत रिकाम्या झालेल्या त्याच दोन बॅटऱ्या भरायला शिल्लक राहिले असते. हे माझे खासगी मत नव्हे. अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेची १५६२ क्रमांकाची मार्गदर्शिका पॅनेल आणि बॅटरी यांचे आकारमान एकत्रच ठरवण्यासाठी आहे. सलग आठवडाभराच्या अंधारासाठी मात्र लहानसा जनरेटर हीच तजवीज होय, आणि त्याने दिवे न पेटवता प्रथम बॅटरी भरावी.

उरलेले गैरसमज थोडक्यात आवरता येतात.

गाडीची बॅटरी घरालाही चालते: नाही, तिच्या पातळ पट्ट्या क्षणभराच्या मोठ्या प्रवाहासाठी असतात, रात्रभराच्या खोल उपशासाठी नव्हेत.

ऊन जितके कडक तितकी वीज अधिक: प्रकाशाने वीज वाढते, पॅनेल तापले की २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घटते.

पाणी कमी झाले की बॅटरीत ॲसिड घालावे: कधीही नाही, उडून जाते ते पाणी, म्हणून घालायचे तेही फक्त शुद्ध, डिस्टिल्ड पाणीच.

लिथियम घेतले की हिशेब नको: लिथियमची साठवण ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि अर्धवट भरण्याने ती बिघडत नाही, हे खरे, पण जी वीज आलीच नाही ती तीही देऊ शकत नाही.

घरातला नेहमीचा एमसीबी पॅनेलच्या तारेलाही चालतो: डीसी प्रवाहाची ठिणगी सहजी विझत नाही, म्हणून तेथे डीसीसाठीचाच एमसीबी किंवा फ्यूज हवा, येथे केलेली काटकसर आगीला निमंत्रण देते.

पावसात जनरेटर पडवीत किंवा बंद खोलीत ठेवला तरी बिघडत नाही: त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच माणसे मारतो, यंत्राला घरापासून दूर, चहूबाजूंनी मोकळे छप्पर द्यावे.

म्हणून विक्रेत्यासमोर बसाल तेव्हा बॅटरीच्या किमतीची घासाघीस करण्यापूर्वी एका कागदावर तीन आकडे लिहून मागा: इन्व्हर्टरच्या स्वतःच्या खर्चासह घराची रोजची गरज, जुलै महिन्यात पॅनेलकडून मिळणारी रोजची वीज, आणि निम्म्यापर्यंतच उपसली जाणारी बॅटरीची साठवण. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा निदान तिसऱ्या हिश्श्याने मोठा नसेल, तर बॅटरीचा विषय तेथेच थांबवून पॅनेलचा विषय काढा. आणि हे आकडे लिहून देण्यास जो तयार नसेल, त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका.