गॅरेजमधला सूर्य, एक हात खिशात
सूर्याच्या पोटात जे चालतं त्याची छोटी आवृत्ती अमेरिकेतले काही हौशी लोक गॅरेजमध्ये चालवतात. अणुसंमीलन! तेही शनिवार-रविवारचा छंद म्हणून.

यंत्राचं नाव फ्यूझर. जनक फायलो फार्न्सवर्थ. १९२७ मध्ये इलेक्ट्रॉनिक टीव्हीवर पहिलं चित्र उमटवणारा तो हाच. फ्यूझरचं पेटंट त्याला १९६६ मध्ये मिळालं. म्हणजे सासू-सुनेच्या मालिकांचं आणि या उद्योगाचं खापर एकाच डोक्यावर फोडता येतं.

रचना ऐकायला सोपी आहे. स्टीलचं निर्वात भांडं, मधोमध तारेची जाळीदार गोळी, तिला वीस-तीस हजार व्होल्टचा ऋण विद्युतदाब आणि किंचित ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन वायू. आयन जाळीकडे झेपावतात, त्यातले मोजके आदळून जुळतात. त्यांची ऊर्जा तापमानात मोजली तर वीस-तीस कोटी अंश भरते. सूर्याचा गाभा बिचारा दीड कोटींवरच!

मग वीज मिळते? छे! सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन निघाले तरी मिळणारी ऊर्जा वॅटच्या साधारण दहा लाखाव्या भागाएवढी. होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हात भाकीत केलं होतं की वीस वर्षांत संमीलन काबूत येईल. वाट पाहणं चालू आहे.

या छंदाला वयाची अट नाही. अमेरिकेतल्याच टेलर विल्सनने २००८ मध्ये चौदाव्या वर्षी फ्यूझरमध्ये संमीलन जमवलं. पुढे मेम्फिसच्या जॅक्सन ओस्वाल्टने तेरावा वाढदिवस काही तासांवर असताना बाजी मारली आणि गिनीज बुकात जागा पटकावली.

आता जिवाची गोष्ट. लोक घाबरतात किरणोत्साराला, पण सगळ्यात आधी जीव घेऊ शकते ती वीज. बटण बंद केलं तरी कपॅसिटरमध्ये भार दबा धरून असतो. म्हणून आधी अर्थिंगची काठी टेकवायची, एकट्याने काम करायचं नाही आणि जुन्या वायरमनांसारखा एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे प्रवाहाला छातीतून आरपार वाट मिळत नाही. काचेच्या खिडकीला डोळा लावायचा नाही, कारण क्ष-किरण तिथूनच डोकावतात, कॅमेरा लावायचा. शिसं क्ष-किरण अडवतं, न्यूट्रॉन त्याला जुमानत नाहीत. त्यांना पाणी किंवा मेण लागतं, आणि अंतर.

न्यूट्रॉन निघाले हे कळतं कसं? जेलने भरलेल्या खास नळीमुळे. न्यूट्रॉनने आतल्या थेंबाला धक्का दिला की बुडबुडा उमटतो. बुडबुडे मोजा, झालं! मला या छंदातली ही सगळ्यात गोड युक्ती वाटते.

शहाणे नवखे ड्यूटेरियमला हातच लावत नाहीत. विरळ हवा, कमी व्होल्ट, जांभळा प्लाझ्मा. संमीलन शून्य, फोटो झकास. बहुतेकांनी इथेच थांबावं. अर्थात, काठी आणि खिशातला हात इथेही हवेतच.

आपल्याकडे? अलिबागजवळ थळला जड पाण्याचा, म्हणजे ड्यूटेरियमच्या पाण्याचा मोठा कारखाना आहे खरा, पण ड्यूटेरियम अणुऊर्जेच्या कायद्याखाली येतं आणि किरण सोडणाऱ्या यंत्राला अणुशक्तीनगरच्या नियामक मंडळाची परवानगी लागते. सोसायटीच्या ना-हरकत पत्रावर भागत नाही.