हॅम्बर्गरचे उष्मांक आणि वितळलेली चरबी

हॅम्बर्गरमध्ये उष्मांक किती, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु त्याचे उत्तर एकाच आकड्यात मिळावे ही अपेक्षा मुळातच सदोष होय. हॅम्बर्गर हे एका पदार्थाचे नाव नसून पदार्थांच्या एका कुळाचे नाव आहे. गोमांसाच्या खिम्याची चकती व पाव एवढेच त्या कुळातील सर्वांना समान असते. अमेरिकेत प्रांतोप्रांती या चकतीवर जे संस्कार होतात त्यांनी तिचे पोषणमूल्य बरेच बदलते. आणि हा बदल मुख्यतः खिम्यातील चरबीचे पुढे काय होते यावर अवलंबून असतो.

उष्मांक मोजण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे तिचा पाया कनेक्टिकट राज्यातील मिडलटाउन येथे घातला गेला. तेथील वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १८९० नंतरच्या दशकात माणसांना बंद कोठडीत काही दिवस ठेवून त्यांच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम प्रथिन उष्णतामापकात पूर्णपणे जाळले तर सुमारे ५.६५ उष्मांक मिळतात. शरीरात मात्र त्यातील नायट्रोजन युरियाच्या रूपाने अर्धवटच जळून बाहेर जातो, आणि हाती सुमारे ४ उष्मांक लागतात. पिष्टमय पदार्थांचेही तेवढेच, तर स्निग्ध पदार्थांचे ९. या शेवटच्या आकड्यातच हॅम्बर्गरचे बहुतेक रहस्य साठवलेले आहे.

अमेरिकन नियमांनुसार हॅम्बर्गरच्या खिम्यात ३० टक्क्यांहून अधिक चरबी असता कामा नये. या कमाल मर्यादेच्या कच्च्या खिम्यात १०० ग्रॅमला ३३२ उष्मांक, २० टक्के चरबीच्या खिम्यात २५४ आणि १० टक्क्यांच्या खिम्यात १७६ असे अमेरिकन कृषिखात्याचे कोष्टक सांगते. हा फरक ठसठशीत आहे. परंतु हाच खिमा आचेवर भाजून पुन्हा तपासला तर ३० व २० टक्क्यांचे दोन्ही नमुने १०० ग्रॅमला सुमारे २७० ते २८० उष्मांकांवर जवळजवळ एकत्र येतात. जेथे चरबी अधिक तेथून ती गळतेही अधिक. पाव पौंड, म्हणजे ११३ ग्रॅम, कच्ची चकती २० टक्के चरबीची असेल तर तिच्यात सुमारे २९० उष्मांक असतात; भाजल्यावर ती ७७ ग्रॅमच्या आसपास उरते आणि उष्मांक २१० वर येतात. वजनातील घट बरीचशी पाण्याची असते. उष्मांकांतील घट मात्र जवळजवळ सर्वस्वी चरबीची. प्रथिने सुमारे २० ग्रॅम, म्हणजे होती तेवढीच राहतात.

ही गळलेली चरबी कोठे जाते? न्यू हेवन येथील लुईज लंच या जुन्या उपाहारगृहात १८९८ सालच्या ओतीव लोखंडी शेगड्यांत चकती उभी धरून भाजतात; चरबी सरळ खाली ठिबकते. मिडलटाउनच्या शेजारच्याच मेरिडन गावी ती लहान तसराळ्यांत ठेवून वाफेवर शिजवतात आणि तसराळ्यात साचलेली चरबी ओतून टाकतात. अ‍ॅटवॉटर यांच्या प्रयोगशाळेच्या परिसरातच अशी मितचरबी पाककृती रुजावी हा योगायोग गमतीचा खरा. परंतु त्याच चकतीवर वाफेने वितळवलेल्या चीजचा जाड थर ओततात आणि गेलेली चरबी दुसऱ्या वाटेने परत येते.

याच्या उलट टोकाला मेम्फिस येथील डायर्स हे उपाहारगृह आहे. १९१२ पासून तेथे चकती चरबीत बुडवून तळली जाते. मिसिसिपी राज्यातील कॉरिंथच्या ‘स्लगबर्गर’मध्ये मांस पुरवठ्याला यावे म्हणून खिम्यात सोयाबीनचा भरडा वा पीठ मिसळून चकती तेलात तळतात. मांस कमी म्हणजे उष्मांक कमी, असा तर्क येथे फसतो. पीठ चकतीतील रस व चरबी धरून ठेवते, आणि तळणीतील तेल त्यात भर घालते. प्रथिनांचा वाटा मात्र घटतो. टंचाईच्या काळात जन्मलेल्या पदार्थांची ही नेहमीची शोकांतिका होय.

चकतीबाहेरचा हिशेब थोडक्यात असा: पाव सुमारे १२० ते १४० उष्मांकांचा, कांदा, टोमॅटो, सॅलडची पाने नगण्य, टोमॅटोची चटणी मोठा चमचाभर घेतली तरी वीसच्या आत. मेयोनेज मात्र चमचाभर घेतले की ९० ते १०० उष्मांक वाढतात, कारण ते बहुतांशी तेलच असते. म्हणजे आचेने जे काढून घेतले ते एक चमचा निमूटपणे परत करतो. मॅकडॉनल्ड्सचा साधा हॅम्बर्गर कंपनीच्या आकड्यांनुसार अमेरिकेत २५० उष्मांकांचा असतो, तर दोन चकत्या, चीज व तेलकट चटणी असलेला ‘बिग मॅक’ ५९० चा. त्यातील ३४ ग्रॅम स्निग्धांशच तीनशेहून अधिक उष्मांक देतो. व्हाइट कॅसलचा कांद्याच्या वाफेवर शिजणारा चिमुकला बर्गर सुमारे १४० चा. पण तो एकटा सहसा कोणी खात नाही.

लोह, जस्त व ब१२ जीवनसत्त्व या दृष्टीने गोमांसाची चकती मोलाची आहे, हे मान्य केले पाहिजे. तंतुमय अंश व क जीवनसत्त्व यांची उणीव मात्र पानभर सॅलडने भरून निघत नाही.

अमेरिकेत मे २०१८ पासून वीस वा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थाशेजारी उष्मांक छापणे बंधनकारक झाले. हा आकडा प्रयोगशाळेत काढलाच पाहिजे असे नाही. पोषणकोष्टके व पाककृती यांवरून केलेले गणितही चालते. त्या गणितात खिमा कच्चा धरला की भाजलेला, आणि गळलेली चरबी वजा केली की नाही, हे फलकावरून कळत नाही. वर वर्णन केलेली न्यू हेवन, मेरिडन व कॉरिंथ येथील लहान उपाहारगृहे तर वीस शाखांच्या अटीत बसतच नाहीत. ज्या पाककृतींत चरबीचा फरक सर्वांत अधिक पडतो, नेमक्या त्यांच्याच फलकावर आकडा छापण्याचे बंधन नाही.