मालकी कुणाची?

श्रम बाईचे आणि मालकी नवऱ्याची, ही रीत केवळ आपल्याकडचीच नव्हे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात 1509 साली बिअर करणारे सुमारे दीडशे जण होते. त्या साऱ्या स्त्रियाच. परंतु कायद्याने विवाहितेची जंगम मालमत्ता नवऱ्याची ठरे. लग्नानंतर तिचे माहेरचे आडनाव टिके, गल्ला टिकत नसे. त्यामुळे धंद्यात खरी मोकळीक विधवेलाच. तीनदा विधवा झालेली एडिंबरोची जेनेट फोकार्ट व्यापार आणि सावकारी करून 1596 साली श्रीमंत म्हणूनच मेली. मेरी अर्स्किन या विधवेच्या पैशातून 1694 साली मुलींची संस्था उभी राहिली. पण व्यापाऱ्यांच्या मुलींसाठी! मोलकरणीची मुलगी बाहेरच राहिली. नवऱ्याचा तो हक्क 1881 च्या कायद्याने मोडला. कुवत आधीपासूनच होती. नाकारली होती ती मालकी.