निळा धूर काय सांगतो?
सेकंडहँड बाइक बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर थोडा संशय घ्या. रात्रभर उभी गाडी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येऊन थांबला, तर दोष बहुधा वॉल्व्ह सीलचा: कडक झालेल्या रबरातून ऑइल खाली झिरपलेलं असतं. काम स्वस्तातलं. पण चढावर थ्रॉटल पिळताच आरशात निळा पडदा दिसला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. खात्रीसाठी मेकॅनिक प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून कॉम्प्रेशन पुन्हा मोजतो. आकडा वाढला, तर गळती रिंगांतूनच. ऑइलने फट घटकाभर बुजते ना! मग ‘हाफ इंजिन’ खोलायचं. सिलिंडरवरचे ओरखडे नखाला लागत असतील, तर नुसत्या रिंगा बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा पिस्टन बसवावा. भंगारातलं अख्खं इंजिन आणणं मला पटत नाही. तेही किती ऑइल पितं कोणाला ठाऊक. वर आरसीवरचा इंजिन नंबर जुळत नाही, म्हणजे आरटीओच्या खेपा आल्याच. जुनी आरएक्स १०० मात्र यातून वगळा. टू-स्ट्रोक ती, ऑइल जाळणं हा तिचा स्वभावच.